जोखमीचा माल

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोच आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीत अख्खा संसार. उलटी ठेवलेली बाज, पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या, वर गोधड्यांचा ढीग आणि त्या ढिगावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या. लांबच्या कुठल्या तरी कारखान्याच्या शिवारात पाच-सहा महिने उसाच्या पाचटाची कोपी करून राहायचं, ऊस संपला की परतायचं. आमच्या बीड जिल्ह्यात पंचांगात नसलेला हा एक ऋतू आहे. तो सुरू झाला की गावं रिकामी होतात आणि बाजारात भाजी स्वस्त होते.

हल्ली बहुतेक ट्रॉल्यांवर एखादा सोलर पॅनेल असतो. कुणी बाजेच्या पायाला बांधलेला, कुणी पेटीवर टाकलेला. पाखरांनी घाण केलेला, कोपरा चेपलेला, वायरीला चिंधी गुंडाळलेली. मी माणसांकडे नंतर बघते, आधी पॅनेलकडे बघते. जितका मळका, तितकं मला बरं वाटतं.

यंदा पुण्याहून ओंकार आला होता. माझ्या भावाचा मुलगा. सुट्टीत मित्रांबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहायचं त्याला वेड आहे. येताना त्यानं नवा घडीचा पॅनेल आणला होता, वहीसारखा उघडणारा, पाठीवरच्या पिशवीला अडकवायचा. मी सौर दिव्यांच्या कामात आयुष्य काढलं हे त्याला माहीत. त्यानं तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "आत्या, तू यातली तज्ज्ञ. हा टिकेल का?"

प्रश्न साधा होता. मी म्हटलं, "चहा घेऊन बघते." आणि चहा निवून गेला तरी मी पॅनेलच हातात धरून होते.

मी नोकरीला लागले त्या दिवसांत आमच्या केजमध्ये दर महिन्याला काहीतरी नवं येत होतं. पिवळ्या पाटीचं एस.टी.डी. बूथ आलं, शाम्पूच्या पुड्या आल्या, श्रीमंतांच्या गच्चीवर पातेल्यासारख्या डिश आल्या. देश खुला झाला म्हणे. आमच्या अप्पांच्या दुकानात मात्र कंदिलाच्या काचा, वाती, गॅसबत्तीची मेंटल आणि टॉर्चचे सेल हाच माल होता. खोकी आली की अप्पा ओरडायचे, "हळू रे, जोखमीचा माल हाय!" म्हणजे फुटणारा माल. भुशात ठेवलेल्या काचा एकेक करून काढायच्या, फडक्यानं पुसायच्या, फळीवर ओळीनं लावायच्या. हे काम माझं. काच हातात कशी धरायची हे मला पाटी-पेन्सिल धरण्याआधी आलं असेल.

बी.एस्सी. झाल्यावर मला एका संस्थेत नोकरी लागली, तात्पुरती. संस्थेकडे परदेशातून पाच सौर कंदील आले होते. कंदिलात बॅटरी आणि छोटी नळी, आणि वेगळा एक पाटाएवढा पॅनेल, निळी काच, भोवती ॲल्युमिनियमची चौकट. प्रश्न एकच होता. वीज नसलेल्या रानात, बैलगाडीतून फिरणाऱ्या, कोपीत राहणाऱ्या माणसांकडे हे यंत्र एक हंगाम टिकतं का? पाच टोळ्यांना पाच कंदील द्यायचे, हंगामात एकदा समक्ष जाऊन बघायचं, हंगामानंतर फॉर्म भरायचे. काम नीट झालं तर माझी नोकरी कायम.

वाटपाचा दिवस मला वासासकट आठवतो. युसूफ वडगावच्या पुढे एका वस्तीवरची शाळा, दसरा होऊन गेलेला, आणि परतीच्या पावसानं आभाळ काळं केलेलं. वर्गात ओल्या घोंगड्यांचा आणि बिडीचा वास. बाहेर भुरभुर चालू, म्हणून मी सगळं वर्गातच उरकलं. कंदील मी ऑफिसात आदल्या दिवशीच भरून आणला होता. बटण दाबलं, पांढरा प्रकाश पडला, बायकांनी तोंडाला पदर लावला.

"ताई, ह्येच्यात राकेल कुटून भरायचं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"राकेल लागत नाही, काका. रोज चार्जिंग करायचं."

"हां, चारजिंग," म्हातारा मान हलवत म्हणाला.

"म्हातारं साहेब झालं बे!" मागून कुणीतरी बोललं आणि वर्ग हसला. मीही हसले. चार्जिंग म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पॅनेल दाखवला तो खोक्यातून अर्धा बाहेर काढून. त्यावरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्राही मी काढला नाही. पाऊस होता ना. आणि मग, दुकानदाराची पोर मी, अप्पांच्या आवाजात म्हणाले, "हा जोखमीचा माल आहे. जपा. फुटला तर दुसरा मिळायचा नाही."

या टोळीचा कंदील मी हरूबाईला दिला. तिशीची, काटक, बोलायला कमी. वाटपाआधी मी वस्तीवर चक्कर मारली होती तेव्हा तिचं घर बघितलं होतं. सारवलेलं, भांडी आरशासारखी, पेटीवर स्वच्छ चादर. मी मनात म्हटलं होतं, हिच्याकडे वस्तू टिकेल.

तिनं पॅनेलचं खोकं दोन्ही हातांनी घेतलं, पोटाशी धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "जोखीम हाय म्हना की, ताई?"

"हो हो, जोखीमच," मी म्हणाले आणि पुढच्या वस्तीच्या जीपकडे निघाले.

आता एवढं कळायला मी काही बाहेरची नव्हते. आमच्याकडे घराघरात जोखीम म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. अंगावरून उतरवलेलं सोनं. बाई गावाला जाताना शेजारणीच्या कानात सांगते, "जोखीम घरात हाय, ध्यान ठिव." ती फडक्यात बांधतात, पेटीच्या तळाला ठेवतात, वर लुगडी रचतात. तिला ऊन दाखवत नाहीत, माणूस दाखवत नाहीत. दुकानात जोखमीचा माल म्हणजे काच आणि घरात जोखीम म्हणजे सोनं. दोन्ही अर्थ माझ्याच तोंडात होते, त्या दिवशी मी दुकानातला वापरला आणि तिनं घरातला ऐकला.

ओंकार विचारत होता, "आत्या, याचं कापड वॉटरप्रूफ म्हणतात. खरं असतं का?" मी कापड चोळून बघितलं. चांगलं होतं. टाके बारीक, वायरीच्या तोंडाला रबराचं टोपण. आमच्या त्या कंदिलांत खरा कच्चा भाग तोच होता, वायर जिथं चौकटीत शिरते तो सांधा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते माहीत व्हावं म्हणूनच तर ती सगळी चाचणी होती.

कार्तिकात, तोडणीच्या पहिल्या पंधरवड्यानंतर, मी टोळ्यांवर जायचं ठरलं होतं. हरूबाईची टोळी सगळ्यांत लांब, एस.टी.नं दिवसभराचा प्रवास, पुढं तीन कोस चालत. त्याच सुमाराला आईनं कपिलधारची यात्रा काढली. पायी जायचं होतं आणि तिच्या गुडघ्यांची खात्री नव्हती. मी तिच्याबरोबर गेले. चांगलं आठवतं, धबधब्याखाली पाणी इतकं गार की टाळू बधिर झाली, आणि वर बायका शिवनाम घेत होत्या. मला काहीही रुखरुख नव्हती. परत आल्यावर आमच्या दुकानाशेजारच्या बूथवर मुकादमाचा, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचा, फोन आला. तो कारखान्याच्या दारातल्या बूथवरून दर आठवड्याला गावाकडं फोन करायचा. मी काचेच्या खोलीत शिरून ओरडून विचारलं, "दिवा कसा आहे?"

"एकदम ओके हाय, ताई! हरूबाई लई जपती त्येला!"

माझ्या पाठीमागं चार माणसं फोनसाठी खोळंबली होती. मी फोन ठेवला. बाकीच्या चार टोळ्या जवळपास होत्या, त्या मी पुढच्या आठवड्यात बघून आले. हरूबाईच्या फॉर्मवर मात्र घरी बसून लिहिलं, "समक्ष भेट दिली. दिवा सुस्थितीत." तारीख टाकली कार्तिकी पौर्णिमेची. त्या दिवशी मी कपिलधारला होते.

टोळ्या परतल्या चैत्रात. लिंबाला मोहर आला होता, सकाळी नऊलाच पत्रे तापत होते. मी फॉर्मांची फाइल घेऊन वस्तीवर गेले. हरूबाईच्या दारात तिचा नवरा भानुदास दोर वळत बसला होता. मला बघून आत ओरडला, "आगं, दिव्यावाली ताई आलीया!"

हरूबाई लगबगीनं आली, हात पदरात पुसत. "बसा ताई. तुमची जोखीम दावते." ती पेटीपाशी बसली. वरची गोधडी काढली, मग दोन लुगडी, मग लग्नातला शालू. शालूच्या घडीत पॅनेल. त्याच घडीत तिची डोरल्याची पुरचुंडी. शाळेतलं पोर पास झाल्याचं कार्ड धरतं तसा तिनं तो माझ्यासमोर धरला.

"बगा. एक वरखडा न्हाई. टोळीत कुनाला हात लावू दिला न्हाई."

खरंच नव्हता. निळी काच, वर प्लास्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा, एका कोपऱ्यात कंपनीची चिकटपट्टीसुद्धा. आणि चौकट धरलेल्या तिच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

"हे काय झालं?"

"कोयता लागला. कार्तिकातच, पुनवंनंतर तिसऱ्या दिशी. उजाडायच्या आदी फडात शिरावं लागतंय ना. डाव्या हातानं ऊस धरला आन् दिसलंच न्हाई बगा." तिनं सांगितलं ते दूध नासलं हे सांगावं तसं.

"आणि दिवा?"

"दिवा हुता तवर लई झ्याक हुता. तितं गेल्यावर चौथ्या दिशी इजला."

"मग हे उन्हात ठेवलं नाही तुम्ही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला डोरलं उन्हात वाळत घातलंस का असं विचारलं असतं, तर ती तशीच बघत राहिली असती. "जोखीम ना ही? जोखीम कुनी उनात टाकतंय व्हय, ताई?"

भानुदासनं दोर खाली ठेवला. "मी म्हनलतो हिला. कशापायी बांदून ठिवलीस, उगड की, काय तरी कामाचं आसंल. तर म्हनली, ताईनं सांगितलंय, जपा."

मी अंगणात गेले. पापुद्रा सोलला, पॅनेल भिंतीला टेकवला, वायर कंदिलाला जोडली. बॅटरी केव्हाच मेली होती, सहा महिने रिकामी ठेवलेली बॅटरी पुन्हा उठत नाही, त्यामुळं नळी लागली नाही. पण पॅनेलमधून वीज आली की लागणारा मुगाएवढा लाल दिवा लागला. हरूबाई बघायला वाकली. तिची सावली काचेवर पडली आणि लाल दिवा गेला. ती मागं सरली, दिवा लागला. पुन्हा वाकली, गेला. पुन्हा मागं सरली.

"म्हंजे ऊनच खातंय की ह्ये."

"हो."

"आन् तिकडं दिसभर नुसतं ऊनच ऊन हुतं." तिनं हात तोंडावर नेला आणि हसली. तोच हात. "मीच येडी मग."

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. अवघड नव्हतं ते. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं, मी आले नाही. भानुदास माझ्याकडे बघत होता, बहुतेक त्याचीच वाट बघत होता. मी म्हणाले, "असू द्या. होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं.

चहा नको म्हणाले, एस.टी. चुकेल म्हणाले. एस.टी.ला अजून तास होता. तो मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभं राहून घालवला, मोहराचा कडवट वास नाकात, फाइल उघडून. फॉर्मवर रकाने होते. "पॅनेलची स्थिती." मी लिहिलं, "उत्तम, ओरखडा नाही." "दिव्याचा नियमित वापर." मी लिहिलं, "नाही." "वापर नसल्यास कारण." मी लिहिलं, "अज्ञान." कुणाचं, असा रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात तेलगावकडच्या टोळीचा पॅनेल आला. त्या टोळीतल्या एका ठसकेबाज बाईनं तो पहिल्या दिवसापासून गाडीच्या जुवावर बांधला होता, कारण तिला दुसरीकडे जागाच मिळाली नाही. काचेला कोपऱ्यातून कोपऱ्यात तडा, चौकट वाकलेली, शेणाचे शिंतोडे, सुटलेली वायर सुतळीनं बांधलेली. "बैलानं पाय दिला मेल्यानं, पर दिवा लागतूय बगा रोज!" ती म्हणाली होती. खरंच लागत होता. त्याच्या फॉर्मवर मी लिहिलं, "पॅनेलची स्थिती: खराब." रकान्यात दुसरं काय लिहिणार?

त्या सुटलेल्या वायरीत आम्हाला हवं होतं ते सगळं उत्तर होतं. पण ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना उचलून दाखवला तो हरूबाईचा पॅनेल. "बघा, सहा महिने रानात राहून आलाय! याला म्हणतात टिकाऊपणा." खोलीत टाळ्या पडल्या. माझ्या टेबलावर फाइल होती, तिच्यात पौर्णिमेची तारीख होती. नोकरी कायम झाल्याचं पत्र मला जूनमध्ये मिळालं. आईनं साखर वाटली. पुढच्या हंगामात त्याच बनावटीचे कितीतरी कंदील गेले आणि बहुतेकांच्या वायरी महिनाभरात त्याच सांध्यापाशी सुटल्या. बायकांनी सुतळ्या बांधल्या. ज्यांच्या बांधून जमल्या नाहीत त्या अंधारात ऊस तोडत राहिल्या.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी हरूबाईसाठी नवा कंदील घेऊन गेले होते. तिनं खोक्याला हात लावला नाही. "दुसरीला द्या, ताई. माज्याच्यानं झालं न्हाई नीट. मला काय कळतंय त्यातलं?" रागानं नाही, खरंच वाटून म्हणाली. मी रागाची तयारी करून गेले होते, या उत्तराची नाही. दारात पडणाऱ्या उन्हात ती डाव्या हातानं, तीन बोटांत, शेंगा फोडत होती. मी पुन्हा तेच वाक्य गिळलं. त्यानंतर त्या वस्तीवरचं काम मी दुसऱ्या सहकाऱ्याकडं दिलं. मार्ग सोयीचा पडत नाही असं कारण लिहिलं.

पुढं इतकी वर्षं मी तेच काम करत आले. माझ्या प्रशिक्षणाचं कौतुक होत असतं. मी वर्गात कधीच काही शिकवत नाही. सगळ्यांना आधी उन्हात उभं करते. पॅनेल बायकांच्या हातात देते, त्यावर सावली पाडायला लावते, काढायला लावते, लाल दिवा गेला, आला, गेला, आला. चार्जिंग म्हणत नाही, ऊन खाऊ घालायचं म्हणते. जपा हा शब्द वापरत नाही. ही पद्धत तुम्हाला कुठं सुचली, असं एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं. अनुभवातून, असं मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. कुणाच्या, ते याही वेळी कुणी विचारलं नाही.

रस्त्यावरून आणखी एक ट्रॅक्टर गेला. मागच्या ट्रॉलीत गोधड्यांवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती, हात पदरात. दर वर्षी अशी एखादी दिसते आणि दर वर्षी मी फाटकापर्यंत जाते. तिनं हात बाहेर काढेपर्यंत ट्रॉली वळणापार झालेली असते. हरूबाईचं गाव इथून एस.टी.नं तासाच्या आत आहे. बोलायचं ते वाक्य अजून तेवढंच आहे. मार्ग सोयीचा पडत नाही हे कारण आता कुणाला लिहून देऊ?

ओंकारनं पॅनेलची घडी घातली, तो कापडी पिशवीत सरकवला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. "महागाचा आहे गं. ट्रेकला नेताना मी टॉवेलात गुंडाळून सॅकच्या अगदी तळाशी ठेवतो."

"काढ बाहेर," मी म्हणाले.

"का?"

"काढ म्हणते ना."

त्यानं काढला. मी घडी उघडली. चारही पानांवर ती पातळ पारदर्शक फिल्म तशीच होती, कडेला एकही बुडबुडा न आलेली. मी तो अंगणात नेला, उन्हात ठेवला आणि कोपऱ्यात नख घातलं.

"आत्या, अगं थांब! स्क्रॅच पडतील!"

"पडू दे," मी म्हणाले आणि फिल्म ओढली. मग ओंकारला विचारलं, "तुझी गाडी घेऊन आलायस ना? मला युसूफ वडगावच्या पुढं सोड."